औषधनिर्माणाची पूर्वतयारी : पदवी अभ्यासक्रमाचा डोळस उपयोग

चिकित्सेचे चार पाद सांगताना चरकाचार्यांनी वैद्याच्या पाठोपाठ द्रव्याला स्थान दिले आहे. द्रव्य विपुल असावे, व्याधीस योग्य असावे, त्याच्या अनेक कल्पना करता याव्यात आणि ते स्वगुणांनी संपन्न असावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. पूर्वी वैद्य आणि द्रव्य हे दोन्ही पाद एकाच घरात नांदत असत. वैद्य स्वतः वनस्पती ओळखून आणी, खलात घोटी, पुट देई आणि तेच औषध रुग्णाच्या हाती ठेवी. १८७२ मध्ये पनवेल येथे श्री धूतपापेश्वर, पुढे १९३५ मध्ये पुण्यात आयुर्वेद रसशाळा अशा संस्था महाराष्ट्रात उभ्या राहिल्या आणि औषधनिर्माण हे स्वतंत्र कार्यक्षेत्र झाले. आज बहुसंख्य वैद्य सिद्ध औषधे विकत घेऊन चिकित्सा करतात. त्यात गैर काही नाही. परंतु औषध कोणी, कशाचे आणि कसे बनविले याची जबाबदारी त्यामुळे एका दूरच्या, न दिसणाऱ्या व्यक्तीवर गेली आहे. ही व्यक्ती म्हणजे निर्माणशाळेतील तांत्रिक तज्ज्ञ. ती कशी घडते आणि तिच्या घडणीत पदवी अभ्यासक्रमाचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. आपल्या व्यवहारात 'फार्मसी' हा शब्द औषधनिर्माणशाळा या अर्थाने रूढ आहे. येथेही तोच अर्थ अभिप्रेत आहे. ॲलोपॅथिक औषधांच्या विक्रीच्या दुकानासाठी १९४८ च्या फार्मसी कायद्याखालील नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि बी.ए.एम.एस. पदवीने ती पात्रता मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या मनात या दोहोंची गल्लत वारंवार आढळते, म्हणून हे प्रथमच नमूद केले.

कायद्याने टाकलेला विश्वास

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा असून त्यात आयुर्वेदीय औषधांसाठीचे प्रकरण १९६४ च्या दुरुस्तीने आले. त्याखालील १९४५ च्या नियमांपैकी नियम १५७ प्रत्येक फार्मसीमालकाला परिचित आहे. औषधनिर्मिती सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली झाली पाहिजे आणि अशी किमान एक व्यक्ती पूर्णवेळ सेवेत असली पाहिजे, असे हा नियम सांगतो. कोण सक्षम, हेही तेथेच दिले आहे. औषधनिर्माणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र यांच्या पदवीधरास या क्षेत्रातील निर्मितीचा किमान २ वर्षांचा अनुभव लागतो. नोंदणीकृत वैद्यास ४ वर्षांचा आणि आयुर्वेदीय फार्मासिस्टला ८ वर्षांचा अनुभव लागतो. आयुर्वेदाच्या किंवा आयुर्वेदीय फार्मसीच्या पदवीधरास मात्र अनुभवाची कोणतीही अट नाही.

या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी थांबून पाहावे अशी आमची विनंती आहे. पदवीधर ज्या दिवशी महाविद्यालयाच्या बाहेर पडतो, त्या दिवसापासून कायदा त्याला संपूर्ण निर्मितीवर देखरेख करण्यास समर्थ मानतो. इतरांना जे वर्षानुवर्षांच्या अनुभवातून मिळवावे लागते, ते याला अभ्यासक्रमातून मिळाले आहे असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक खरे ठरवावयाचे असेल, तर तयारी पदवीनंतर सुरू करून चालणार नाही. ती द्वितीय व्यावसायिक वर्षातच झाली पाहिजे. ते खोटे ठरले तर काय होते, हेही आपण पाहतो. भिंतीवर पदवीची प्रत टांगलेली असते, तज्ज्ञ महिन्यातून एकदा येऊन नोंदवहीवर सह्या करतो आणि भट्टीजवळचा कामगार आपल्या अंदाजाने पाकसिद्धी ठरवितो. त्या औषधाने रुग्णास गुण आला नाही, तर ठपका मात्र शास्त्रावर येतो.

अभ्यासक्रमात काय उपलब्ध आहे

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार बी.ए.एम.एस. चा अभ्यासक्रम प्रत्येकी १८ महिन्यांच्या तीन व्यावसायिक सत्रांचा असून त्यानंतर १ वर्षाची आंतरवासिता आहे. द्रव्यगुण, रसशास्त्र व भैषज्यकल्पना, अगदतंत्र आणि स्वस्थवृत्त हे चारही विषय द्वितीय सत्रात एकत्र येतात. औषधनिर्माणाकडे वळू इच्छिणाऱ्यासाठी हे १८ महिने सर्वांत मोलाचे होत. प्रत्येक विषयाकडे निर्माणशाळेच्या दृष्टीने कसे पाहावे, ते क्रमाने मांडतो.

१) संहिता व संस्कृत. हे विषय केवळ परीक्षेपुरते आहेत हा समज चुकीचा आहे. कायद्याच्या प्रथम अनुसूचीत अधिकृत ग्रंथांची यादी आहे आणि शास्त्रोक्त औषधाचा परवाना या ग्रंथांतील पाठाच्या आधारे मिळतो. पाठ नीट वाचता आला नाही तर घटक, प्रमाण आणि भावना यांत चूक होते. मानपरिभाषा हा याचाच भाग. भारतीय आयुर्वेदीय योगसंग्रहात १ कर्ष म्हणजे १२ ग्रॅम, १ पल म्हणजे ४८ ग्रॅम आणि १ प्रस्थ म्हणजे ७६८ ग्रॅम असे मान स्वीकारले आहे. कुडव व त्यापुढील मानात द्रवद्रव्ये आणि आर्द्र द्रव्ये द्विगुण घ्यावीत, ही परिभाषा विसरल्यास संपूर्ण घाणा बिघडतो.

२) द्रव्यगुण. निर्माणशाळेतील पहिली लढाई गोदामाच्या दारात होते. अशोकाची साल म्हणून रस्त्याकडेला लावलेल्या उंच, खोट्या अशोकाची साल येते. नागकेशर म्हणून सुरंगीच्या कळ्या येतात. रास्ना या नावाने उत्तरेत एक, तर दक्षिणेत दुसरीच वनस्पती विकली जाते. दारुहळदीच्या जागी दक्षिणेतील वेगळ्या वेलीचे खोड चालते. विद्यार्थी वनौषधी उद्यानात ताजी, हिरवी वनस्पती पाहतो. निर्माणशाळेत मात्र ती वाळलेल्या, तुटलेल्या, पोत्यातल्या स्वरूपात समोर येते. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने काष्ठौषधीच्या बाजारात जाऊन किमान ५० द्रव्यांचे वाळलेले नमुने स्वतः गोळा करावेत आणि भारतीय आयुर्वेदीय औषधसंहितेतील वर्णनाशी ते पडताळून पाहावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. रंग, गंध, चव, मोडल्यावरचा पृष्ठभाग, भिंगाखाली दिसणारी रचना या गोष्टी हाताला आणि नाकाला एकदा कळल्या की आयुष्यभर उपयोगी पडतात.

३) रसशास्त्र व भैषज्यकल्पना. हा या तयारीचा कणा. प्रत्येक महाविद्यालयास शिक्षणार्थ निर्माणशाळा असणे बंधनकारक आहे. परंतु तेथे केलेले चूर्ण किंवा क्वाथ प्रात्यक्षिकवहीत चार ओळी लिहून संपते. तेच प्रात्यक्षिक निर्माणशाळेतील घाण्याच्या नोंदीप्रमाणे लिहिले, तर त्याचे मूल्य अनेक पटींनी वाढते. याचे दोन नमुने पुढे दिले आहेत.

४) अगदतंत्र. नियमांच्या 'ई-१' अनुसूचीत वत्सनाभ, कुचला, धत्तूर, भल्लातक, जयपाल, अहिफेन इत्यादी विषारी द्रव्यांची यादी आहे. यांपैकी द्रव्य असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याविषयीचा इशारा छापावा लागतो. शोधनाचे प्रात्यक्षिक ज्याने स्वतः केले आहे, त्यालाच अशोधित आणि शोधित कुचल्यातील फरक दिसतो. विषारी द्रव्यांचे कुलूपबंद कपाट, स्वतंत्र खल आणि प्रत्येक ग्रॅमचा हिशेब यांचे महत्त्व हा विषय शिकवितो.

५) स्वस्थवृत्त. 'टी' अनुसूचीतील उत्तम निर्माणपद्धतीचे निकष २००० मध्ये अधिसूचित झाले. पाण्याची शुद्धता, सांडपाणी, हवा, कामगारांची आरोग्यतपासणी, कीटक व उंदीर यांचा प्रतिबंध हे सारे त्यात आहे. यातील बहुतेक भाग स्वस्थवृत्ताचाच होय. फक्त गावाऐवजी निर्माणशाळेचा विचार करावयाचा.

६) संशोधनपद्धती व सांख्यिकी. तृतीय सत्रातील हा विषय कोरडा वाटतो. परंतु ४० पोत्यांतून कोणत्या पोत्यांचे, किती नमुने काढावेत आणि एका नमुन्यावरून सगळ्या मालाविषयी किती खात्रीने बोलावे, हे प्रश्न याच विषयाचे आहेत.

नमुना पहिला : सितोपलादि चूर्ण

याचे प्रमाण प्रत्येकाला पाठ असते : खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. एकूण भाग ३१. म्हणजे ३१ किलोच्या घाण्यास अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ किलो. येथवर गणित सोपे आहे. आता निर्माणशाळेचे प्रश्न पाहू. वेलदोड्याचे दाणे घ्यावयाचे तर टरफलाची तूट धरून खरेदी किती करावी? बाजारातले वंशलोचन खरोखर वंशलोचन आहे का? त्यात तवकीर मिसळली असल्यास आयोडिनचा एक थेंब टाकताच पिष्टामुळे निळा रंग येतो. ही परीक्षा पदवीच्या विद्यार्थ्यालाही सहज करता येते. कृत्रिम सिलिकाची भेसळ मात्र याने कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा हवी. दालचिनीऐवजी जाड सालीची स्वस्त जात आली आहे का? खडीसाखर ओलावा शोषते. मग कोकणातील श्रावणात हा घाणा घ्यावा की थांबावे? घ्यावयाचाच झाल्यास खोलीतील आर्द्रता किती ठेवावी? चूर्ण ८५ क्रमांकाच्या चाळणीतून गेले का, वर किती राहिले, त्याचे काय केले? घाण्याच्या आरंभी ३१ किलो होते, अखेरीस किती भरले? तूट नेहमीपेक्षा अधिक असेल तर ती कोठे झाली?

शेवटी सवीर्यता-अवधी. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य २ महिन्यांनंतर क्षीण होते असे सांगितले आहे, तर नियम १६१-ब मध्ये चूर्णास २ वर्षांची मुदत आहे. विद्यार्थी हा विरोध पाहून गोंधळतो. ग्रंथातील अवधी त्या काळच्या साठवणुकीचा आहे आणि आजची मुदत हवाबंद वेष्टन गृहीत धरते, असे उत्तर साधारणतः दिले जाते. आमच्या मते ते अर्धेच उत्तर आहे. कायदा कमाल मर्यादा देतो. आपल्या वेष्टनात आपले चूर्ण खरोखर तेवढे टिकते का, हे प्रत्येक घाण्याचा नमुना राखून ठेवून आणि ठरावीक काळाने तपासूनच कळते. गंध आणि चव यांतील बदल तर कोणत्याही यंत्राविना टिपता येतो.

नमुना दुसरा : सिद्ध तैल

स्नेहकल्पनेचे सामान्य प्रमाण कल्क १, स्नेह ४, द्रव १६. महाविद्यालयात ४०० मि.लि. तेलासाठी १०० ग्रॅम कल्क आणि १.६ लिटर क्वाथ घेतला जातो. हेच निर्माणशाळेत ४० लिटर तेलासाठी करावयाचे तर कल्क १० किलो आणि क्वाथ १६० लिटर. क्वाथ चतुर्थांश उरवावयाचा म्हणजे आरंभी पाणी ६४० लिटर; द्रव्य मध्यम असल्यास त्याच्या ८ पट पाणी या नियमाने भरड ८० किलो. क्वाथ करताना ४८० लिटर पाणी आटवावयाचे आणि स्नेहपाकात उरलेले १६० लिटर. म्हणजे ४० लिटर तेलासाठी एकूण ६४० लिटर पाण्याची वाफ करावी लागते. इंधन किती लागेल, वाफ बाहेर कशी जाईल, कामगार किती तास उभे राहतील, भांडे किती लिटरचे हवे, याचे उत्तर या एका आकड्यात दडले आहे. तैल, घृत आणि गूळ यांचा पाक एका दिवसात पूर्ण करू नये हा शार्ङ्गधरांचा निर्देशही येथे व्यवहार्य ठरतो. घाईने तीव्र आच दिल्यास कल्क तळाशी करपतो आणि तेल खरपाकाकडे जाते.

स्नेहसिद्धीची लक्षणे विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. कल्काची वात वळली जाणे, ती अग्नीवर धरली असता तडतड आवाज न होणे, तैलात फेस येणे आणि घृतात तो शमणे. परंतु २०० लिटरच्या कढईत वरच्या थराचे तापमान वेगळे असते आणि तळाचे वेगळे. कल्काचा नमुना कोठून घ्यावयाचा, हे ज्याने लहान भांड्यात दहा वेळा मृदू, मध्यम आणि खर पाक स्वतः पाहिला आहे, त्यालाच उमगते. तैलात फेस येतो हे लक्षण जसे सिद्धीचे, तसेच ते उतू जाण्याच्या धोक्याचेही. म्हणून भांडे निम्म्याहून थोडेच अधिक भरावे.

परंपरागत परीक्षा आणि प्रयोगशाळा

भस्माच्या रेखापूर्ण, वारितर, अपुनर्भव, निरुत्थ या परीक्षा. आसवारिष्टाच्या संधानात जळती काडी पात्राच्या तोंडाशी धरून ती विझते का हे पाहणे. अवलेहाची तंतुमत्ता आणि पाण्यात बुडणे, या सर्वांना आजही पर्याय नाही, कारण त्या निर्मिती चालू असतानाच निर्णय देतात. परंतु त्या सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाहीत. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर निव्वळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली. औषधसंहितेतील मर्यादा शिसे १० पी.पी.एम., आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ अशा आहेत. दूषित मातीतील मुळांत किंवा दळण्याच्या यंत्रातून आलेले शिसे कोणत्याही वारितर परीक्षेत दिसणार नाही. तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्याने आर्द्रता, राख, अम्लात न विरघळणारी राख, जलसार, मद्यसार, सामू आणि विशिष्ट गुरुत्व या प्राथमिक परीक्षा स्वतःच्या हाताने कराव्यात. प्रगत यंत्रे चालविता आली नाहीत तरी चालेल; मात्र त्यांचा अहवाल वाचता आला पाहिजे आणि कोणता आकडा पाहून घाणा थांबवावयाचा, हे कळले पाहिजे.

आंतरवासिता आणि त्यापुढे

आंतरवासितेचे वर्ष रुग्णालयाचे असते, हे खरे. तरीही त्या वर्षात जवळच्या निर्माणशाळेत सुटीच्या दिवशी जाऊन एक घाणा आरंभापासून वेष्टनापर्यंत पाहणे शक्य असते. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एकच काम सांगतो : पाच कल्पना निवडा, एक चूर्ण, एक गुटी, एक तैल, एक अरिष्ट आणि एक भस्म. प्रत्येकीची पूर्ण घाणानोंद तयार करा. ग्रंथाधार, घटकांची ओळख, कच्च्या मालाची परीक्षा, प्रमाण, भांडी, वेळ, तापमान, मध्यंतरीच्या परीक्षा, अपेक्षित आणि प्रत्यक्ष उत्पादन, वेष्टनावरील मजकूर. ही पाच टिपणे ज्याच्याजवळ आहेत, त्याला मुलाखतीत वेगळे काही दाखवावे लागत नाही. पुढे रसशास्त्र, भैषज्यकल्पना किंवा द्रव्यगुण यांत पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असल्यास त्याचाही पाया याने पक्का होतो.

फार्मसीमालकांस निवेदन

ही तयारी एकट्या विद्यार्थ्याने होणारी नाही. अनेक निर्माणशाळांची दारे 'गुप्त कृती'च्या नावाखाली बंद असतात. शास्त्रोक्त पाठ तर ग्रंथांत खुले आहेत. त्यांचा तरी घाणा विद्यार्थ्यांना पाहू द्यावा. दुसरे असे की तज्ज्ञाची नेमणूक परवान्यापुरती करू नये. त्याला पूर्णवेळ काम, तसेच वेतन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घाणा नाकारण्याचा अधिकार द्यावा. सदोष कच्चा माल परत पाठविण्याचे धैर्य ज्याच्या सहीत नाही, त्या सहीचा उपयोग फक्त तपासणी अधिकाऱ्याला दाखविण्यापुरता. ४० लिटर तेल नाकारल्याने होणारे नुकसान त्या महिन्याच्या हिशेबात दिसते. तेच तेल बाजारात गेल्याने तुटलेला विश्वास मात्र वर्षानुवर्षे भरून येत नाही.

चिकित्सक वैद्यांचेही एक कर्तव्य आहे. औषध खरेदी करताना दर आणि सवलत विचारण्याआधी निर्माणशाळेचा तांत्रिक तज्ज्ञ कोण, तो तेथे रोज उपस्थित असतो का आणि मागितल्यास घाण्याचा परीक्षण-अहवाल मिळेल का, हे तीन प्रश्न विचारावेत. ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचे वजन निर्मात्याला लवकर कळते. प्रश्न विचारले गेले की खऱ्या तज्ज्ञाची मागणी वाढेल, आणि मागणी वाढली की द्वितीय सत्रातील विद्यार्थी खलबत्त्याकडे केवळ गुण मिळविण्याचे साधन म्हणून पाहणार नाही. अनुभवाची अट न घालता कायद्याने आपल्या पदवीवर जो विश्वास टाकला आहे, तो सार्थ करण्याचे काम विद्यार्थी, निर्माता आणि चिकित्सक या तिघांनी मिळून करावयाचे आहे.